सुभेदारसाहेब, बादलीची गोष्ट सांगायची राहिली होती

सुभेदारसाहेब, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, मग मिस्टरांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "अर्धं बरोबर आहे त्यांचं." म्हणून हे लांबलचक उत्तर.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं, की वाईट वर्दीवरून आलेल्या माणसाला घरच्यांनी त्याच रात्री बोलतं करावं. (वर्दी म्हणजे फौजेत गणवेश. माझ्या मिस्टरांच्या अग्निशमन दलात वर्दी म्हणजे कंट्रोल रूमला आलेला फोन.) त्यावर खडकीच्या या निवृत्त सुभेदारांनी लिहिलं: "बोलून कोणी बरा होत नाही. आमच्या पलटणीत सकाळी पीटी, संध्याकाळी रोल कॉल, हेच औषध. हे अमेरिकेचं खूळ आहे. आमचा एक नाईक पेन्शनवर आला आणि दारूत चार वर्षांत गेला, पण तो मुळातच मनाचा कच्चा."

त्याच रात्री बोलतं करण्याचा माझा सल्ला चुकीचाच होता. आणि मला ते कळायला हवं होतं, कारण घरात पाहिलं होतं. एकदा एका संस्थेची माणसं आली, सगळ्या शिफ्टला गोल बसवलं आणि प्रत्येकाला "काय पाहिलंत ते सांगा" म्हणाली. एक नवा पोरगा त्या दिवशी बंबापाशीच थांबलेला, त्याने काहीच पाहिलं नव्हतं. इतरांचं ऐकून त्याची झोप उडाली. अशा बैठकांची पद्धत जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये मांडली. ते स्वतः आधी अमेरिकेत अग्निशमनात होते, म्हणजे हेतू चांगलाच. पण एकाच बैठकीत सगळं बोलून घेण्याच्या प्रयोगांची कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी छाननी केली, तेव्हा त्याने पुढचा मनाचा आजार टळत नाही असं २००२ च्या अहवालात आलं. एका प्रयोगात तर बोलतं केलेल्यांची अवस्था वर्षभरानंतर जास्त वाईट होती. पहिल्या रात्री माणसाला गरम जेवण, अंघोळ आणि झोप लागते. बोलावंसं वाटलं तर तो बोलेल. बरेचसे लोक काही आठवड्यांत आपोआप सावरतात, हेही खरं.

आता जे सावरत नाहीत त्यांचं.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुण्यात कोणी विसरलेलं नाही. आंबिल ओढा फुटून वाहिला, अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, सगळीकडे पाणी. मिस्टर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले, जेवले, झोपले. मला वाटलं, झालं. आठवड्याने मी नेहमीसारखे रात्री कपडे भिजत घातले. दोन वाजता मोरीत पाण्याचा आवाज. जाऊन बघते तर हे उकिडवे बसून माझी साडी पिळतायत. कोरडी होईस्तोवर पिळतायत. "अशी भिजत ठेवू नकोस," एवढंच बोलले. ओल्या कापडाचं वजन, साहेब. पाण्यातून माणूस काढताना हाताला तेच लागतं. आणि ती काही पहिली वेळ नव्हती. कालव्यातून, नदीतून काढलेल्यांचा हिशोब त्यांनी कधीच सोडून दिला होता.

मी काय केलं? रात्री कपडे भिजवणं बंद केलं. मग मुलीने ओला रेनकोट दारात टांगणं बंद केलं. मग आम्ही सिंहगडाच्या वाटेने, खडकवासला धरणावरून जाणं सोडलं. घर हळूहळू आक्रसत गेलं आणि मी त्याला काळजी घेणं म्हणत होते.

या सगळ्या काळात ड्युटी चोख होती. तुमच्या पीटी-रोल कॉलच्या मुद्द्याला माझं उत्तर इथे आहे. वर्दी आली की हे सगळ्यांत पुढे. साप्ताहिक सुट्टी आली की घरात पाय ठेवायची चोरी. काम औषध नव्हतं, काम झाकण होतं.

उपचार झाले ते दोन वर्षांनी. "मन मोकळं करा" असं तिथे कोणी म्हणालं नाही. टाळत असलेल्या गोष्टींची यादी करायला लावली आणि किती भीती वाटते त्यावरून प्रत्येकीला शंभरपैकी मार्क. दारातला रेनकोट तीस. भिजत घातलेली बादली सत्तर. मग कमी मार्कांपासून सुरुवात. बादलीची पाळी आली तेव्हा हे मोरीच्या उंबऱ्यावर पाऊण तास बसले, घामाने बनियन ओलं. मला उठवून न्यायची मुभा नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. शिवाय ती रात्र डॉक्टरांसमोर डोळे मिटून, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुन्हा पुन्हा सांगायची. बोलणं आहे, पण कवायतीसारखं. अशा बारा बैठका झाल्या. तुम्हाला आवडली असती ही शिस्त.

अमेरिकेच्या खुळाबद्दल एवढंच, की लढाईच्या धक्क्याने मन कोलमडतं त्यासाठीचा "शेल शॉक" हा शब्द चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने १९१५ मध्येच छापला होता, फ्रान्समधल्या आघाडीवरच्या सैनिकांबद्दल. आणि तुमच्याच मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे फौजेत तब्येतीचा दर्जा ठरवणाऱ्या त्या 'शेप'मध्ये, पहिला 'एस' मनाचाच आहे की! तो एस घसरला तर बढती जाईल म्हणून पोरं गप्प बसतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. त्याला मनाचा कच्चेपणा कसं म्हणायचं?

तुमच्या त्या नाईकाबद्दल. पीटी त्यानेही केली, रोल कॉलला तोही उभा राहिला, इतकी वर्षं. तेव्हा कच्चा नव्हता ना? पेन्शनवर आला, पहाटेची शिट्टी थांबली, आणि मग चार वर्षं. तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत माणूस तेवढा एकच आहे, आणि त्याला जाऊन बरीच वर्षं झालेली दिसतायत.

त्याच्यासारखा आणखी कोणी ओळखीत असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या. सैन्यदलांसाठी त्यांचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये इथे पुण्यात एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयातच सुरू झाला.

मिस्टर म्हणतायत, साहेबांना एका रविवारी चहाला बोलव. बोलायला नको, नुसते बसू.