खुलासा : उन्हात रक्तातली प्रथिनं अंड्यासारखी शिजत नाहीत

नवतपा लागला की नागपूरच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो : पारा ४५ वर गेला की रक्तातली प्रथिनं अंड्यासारखी शिजतात आणि माणूस दगावतो. हे चुकीचं आहे.

एक तर ४५ हे हवेचं तापमान. घाम येतोय, सुकतोय, तोवर शरीर ३७ च्या आसपासच राहतं. आणि अंड्याचा पांढरा भाग घट्ट व्हायला साधारण ६० अंश लागतात. रक्तातलं मुख्य प्रथिन, अल्ब्युमिन, औषध म्हणून वापरण्याआधी, विषाणू मरावेत म्हणून, ते टिकून राहावं यासाठी स्थिरक घालून ६० अंशांवर १० तास तापवतात. तरी ते पातळच राहतं.

खरा घोळ पेशींच्या आत होतो. शरीर ४० च्या पुढे तापलं की काही नाजूक प्रथिनांची घडी, म्हणजे काम करण्यासाठी लागणारा आकार, विस्कटते. चाहूल लागताच पेशी ‘हीट शॉक’ प्रथिनं बनवते. ती विस्कटलेल्यांना धरून ठेवतात, त्यांच्या गुठळ्या होऊ देत नाहीत, घडी पुन्हा बसायला मदत करतात. जे सुधारत नाही त्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लागते आणि प्रोटिअझोम हे पेशीतलं कापणी-यंत्र त्याचे तुकडे करतं. हा निचरा अडवला तर पेशी मरू शकते. बोर्टेझोमिब हे औषध मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी असंच मारतं.

उष्माघात मात्र खराच. कुणी बरळायला लागलं, शुद्ध हरपली, तर सावलीत न्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला, १०८ लावा. मेसेजमध्ये यातलं काहीच नाही, माझी मुख्य तक्रार तीच. खिशात कांदा ठेवायचा तर खुशाल ठेवा, पण तो मेसेज पुढे ढकलू नका. ग्रुपवर आलाच, तर त्याखाली हा खुलासा टाका.