सक्युलंटला आठवड्याला दोन चमचे पाणी? एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

‘सक्युलंटला आठवड्यातून एकदा दोन चमचे पाणी घालावे, कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर दिला की भोक नसले तरी चालते, पानांवर अधूनमधून पाणी फवारावे, उन्हाची गरज नसते, आणि हे झाड रात्री प्राणवायू सोडते म्हणून उशाशी ठेवावे’ अशा आशयाचा सल्ला सध्या हातोहात पुढे पाठवला जातो. सक्युलंट म्हणजे जाडसर पानांत किंवा खोडात पाणी साठवणारी झाडे. जास्त पाण्याने ही झाडे मरतात, एवढी एकच गोष्ट त्यात खरी आहे. तिच्यावर सुचवलेला उपाय मात्र चुकीचा आहे.

चमच्यांचा हिशेब आधी पाहू. जेड किंवा एचेव्हेरियासारख्या झाडांच्या मूळ प्रदेशात पाऊस क्वचित पडतो, पण पडतो तेव्हा जमीन भिजवतो. दोन चमचे पाण्याने कुंडीतील वरचा थर तेवढा ओला होतो, ते पाणी बरेचसे उडून जाते आणि खालची मुळे कोरडीच राहतात. म्हणून पाणी द्यायचे तेव्हा तळाच्या भोकातून वाहेपर्यंत द्यावे, आणि नंतर माती तळापर्यंत सुकेपर्यंत अजिबात देऊ नये. ती सुकली की नाही हे वार पाहून ठरत नाही, कारण मातीची कुंडी प्लॅस्टिकच्या कुंडीपेक्षा लवकर कोरडी होते आणि थंड, ढगाळ दिवसांत हा काळ कितीतरी लांबतो. लाकडी काडी खोलवर खुपसून पाहावी किंवा कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यावा. तहानलेल्या झाडाची खालची पाने सुरकुततात. पाणी जास्त झाले तर ती पिवळट, अर्धपारदर्शक आणि लिबलिबीत होतात. फसगत होते ती तिसऱ्या अवस्थेत: माती ओली असूनही पाने सुरकुतलेली दिसतात, कारण मुळे हवेअभावी कुजलेली असतात आणि पाणी शोषूच शकत नाहीत. माझे एक जेड मी याच गैरसमजातून आणखी पाणी घालून संपवले. अशा वेळी झाड उपटून कुजका भाग निरोगी पेशी दिसेपर्यंत कापावा, काप काही दिवस सुकू द्यावा आणि मगच कोरड्या मिश्रणात लावावे.

खड्यांच्या थराने निचरा सुधारतो, हा समज तर जुन्या बागप्रेमींमध्येही पक्का रुजलेला आहे. बारीक कणांच्या मातीत पाणी केशाकर्षणाने धरून ठेवले जाते आणि माती पुरती भिजल्याशिवाय ते खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही. त्यामुळे एरवी कुंडीच्या तळाशी राहिला असता तो चिंब पट्टा खड्यांच्या वर, म्हणजे मुळांच्या अधिक जवळ, सरकतो. भोक नसेल तर खड्यांत उतरलेल्या पाण्यालाही बाहेर जायला वाट उरत नाही. भोक असलेली कुंडी घ्यावी, माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर जाळीचा तुकडा ठेवावा आणि जाड वाळू किंवा पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके, पांढरे खनिज दाणे) तळाशी न ओतता सगळ्या मिश्रणात कालवावे.

फवारणीबद्दल फार लिहायला नको. तिने मुळांची तहान भागत नाही, पानांच्या बेचक्यांत पाणी साचून कूज लागू शकते आणि एचेव्हेरियावरील पांढुरकी मेणचट भुकटीही खराब होते.

उन्हाच्या बाबतीत थोडी सूट मान्य करायला हवी, कारण हॉवर्थिया आणि गॅस्टेरिया तुलनेने कमी प्रकाशात तग धरतात. बहुतेक सक्युलंट मात्र अंधाऱ्या कोपऱ्यात उंच, फिकट आणि विरळ पानांची होतात, आणि लांबलेले खोड नंतर उन्हात ठेवूनही आखूड होत नाही. शेंडा कापून पुन्हा लावावा लागतो. सावलीत वाढलेले झाड एकदम कडक उन्हात ठेवले तर पाने करपतात, म्हणून ही सवय दोन-तीन आठवडे हळूहळू लावावी.

राहिला प्राणवायूचा मुद्दा. यांपैकी अनेक झाडे पाणी वाचवण्यासाठी पर्णरंध्रे रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा रंध्रे बरीचशी मिटून त्याच साठ्यातून साखर तयार करतात. जेडच्या क्रॅस्युलेसी कुळावरूनच या पद्धतीला नाव मिळाले आहे. परंतु प्राणवायू तयार होतो तो प्रकाशाच्या साहाय्याने पाण्याचे विघटन होताना, म्हणजे उजेडातच. रात्री इतर झाडांप्रमाणे सक्युलंटही श्वसनासाठी प्राणवायू वापरते, फक्त त्याचे प्रमाण झोपणाऱ्याच्या दृष्टीने नगण्य असते. तेव्हा त्या कारणासाठी खिडकीजवळची कुंडी उशाशी हलवली, तर बदलतो तो केवळ झाडाला मिळणारा प्रकाश.