वणवा, मोहफुलं आणि आपला राग

चोरल-मानपूरकडे उन्हाळ्यात डोंगर पेटले की आपल्या इंदूरच्या ग्रुपांवर लगेच मेसेज फिरायला लागतात, "आदिवासींनी जंगल जाळलं." मंडळी, हे वाचून माझं डोकं फिरतं.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळतात. पाचोळ्यात ती सापडत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. ही आग पसरून सागाचं वाळलेलं रान पेटतं, हे खरं आहे. पण कोणता मोह कुणाच्या घरचा, दुपारी वारा कुठून सुटतो, पाला कुठल्या घळीत साठतो, हे त्याच भिल्ल-भिलाला घरांना ठाऊक असतं. देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आगीचा इशारा मोबाईलवर पाठवतं. सोय फार चांगली आहे. मात्र तिथला बारीकातला ठिपकासुद्धा 375 मीटरच्या चौकोनाचा, म्हणजे सुमारे 14 हेक्टरांचा, आणि तो उमटतो तेव्हा आग लागून गेलेली असते. झाडाखाली जाळी बांधली तर काडी ओढायची गरजच उरत नाही, फुलाला माती लागत नाही, भावही बरा मिळतो. पण जाळ्या कुठल्या झाडांना आधी बांधायच्या, हे वस्तीला विचारल्याशिवाय कसं कळणार?

कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगरात सोलिगा आदिवासी ऊन तापायच्या आत जमिनीलगतची हलकी आग फिरवून घेत. 1974 मध्ये अभयारण्य झालं आणि ती प्रथा बंद पडली. त्यानंतर घाणेरीची (लँटानाची) झुडपं माजली. आग थांबल्यामुळेच ती माजली, असं सोलिगा सांगत राहिले. संशोधकांनी ते मनावर घेतलं ते खूप उशिरा. 2011 मध्ये तिथे सोलिगांचे सामुदायिक वनहक्क, म्हणजे जंगलावरचे गावाचे सामाईक हक्क, मान्य झाले. आपल्याकडेही आग लावा, असं मी म्हणत नाही. आपलं रान वेगळं, तिथला उपाय इथे उचलून चालायचा नाही. इथल्या रानाबद्दल इथल्या माणसांना विचारा, एवढंच म्हणतोय.

कायदा आडवा येत नाही. झाबुआ, अलीराजपूर, बडवानीत 2022 पासून राज्याचे पेसा नियम, म्हणजे अनुसूचित आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारे नियम, आहेत. चोरल त्या भागात येत नाही, पण 2006 चा वनहक्क कायदा तिथेही आहे आणि त्यात जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे.

म्हणून माझी मागणी अशी: होळीच्या आधी वनखात्यानं ग्रामसभेत बसून मोहाच्या झाडांचा नकाशा करावा. उपग्रहाचा इशारा वस्तीतल्या पोरांच्या फोनवर थेट जावा. आग विझवायला धावणाऱ्यांना त्या दिवसाची मजुरी मिळावी. आणि वणवा रोखायच्या आराखड्यावर ग्रामसभेची सही असल्याशिवाय तो मंजूर होऊ नये.