उंदरासाठी डोंगर

गाडीत हीटर कोअर नावाचा एक भाग असतो, हे ज्याला माहीत नाही तो सुखी माणूस. त्याचा हीटर अजून गळलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हा कोअर म्हणजे दोन तळहातांवर मावेल एवढा छोटा रेडिएटर. इंजिन थंड ठेवणारं द्रव, म्हणजे कूलंट, इंजिनात तापून एका होज पाइपातून त्यात येतं, दुसऱ्यातून परत जातं. मागून ब्लोअर हवा ढकलतो आणि ती गरम होऊन आपल्या पायांवर, काचेवर येते. इंजिनाला नको असलेली उष्णता आपल्याला फुकटात मिळते. इतका शहाणपणाचा विचार करून झाल्यावर कुणा अभियंत्याला प्रश्न पडला असणार, की हा भाग ठेवायचा कुठे? आणि मग त्याने तो डॅशबोर्डच्या पोटात, सगळ्या वायरी, सगळे डक्ट आणि सगळ्या आशा यांच्या मागे ठेवला. मेकॅनिक मंडळी गमतीने म्हणतात, कारखान्यात आधी कोअर हवेत टांगतात आणि मग त्याच्याभोवती गाडी बांधतात. मी तो मुलूख आतून पाहून आलोय. मला यात गंमत काही दिसली नाही.

कोअर गळायला लागला की आधी वास येतो. गोडसर, चिकट वास. बायकोला वाटलं मी नवं अत्तर आणलंय, आणि ते तिला आवडलं नाही. मग काच आतून धूसर होते. पुसावी तर डाग जात नाही, तेलकट होऊन सगळीकडे समान वाटला जातो. शेवटी शेजारच्या सीटखालची मॅट ओली होते आणि तिथे बसणारी व्यक्ती बोलायला लागते. तो गोडवा कूलंटमधल्या एथिलीन ग्लायकॉलचा. चवीला गोड, पण जहाल विष. कुत्र्या-मांजरांनी सांडलेलं कूलंट चाटलं तर जिवावर बेततं. म्हणून मॅट धुतलेलं पाणीसुद्धा मी कुठेही ओतलं नाही. घरच्यांना मात्र हा सगळा माझा नाटकीपणा वाटला.

या टप्प्यावर सल्लागार उगवतात. शेजारच्या काकांनी रेडिएटरात टाकायची गळतीबंद पावडर सुचवली. पण ती पावडर भोक ओळखत नाही, अरुंद जागा ओळखते; आणि कोअरच्या नळ्यांपासून रेडिएटरच्या नळ्यांपर्यंत गाडीत अरुंद जागांना तोटा नसतो. दुसऱ्या एकाने सांगितलं, दोन्ही होज एकमेकांना जोडून टाक आणि हीटर विसरून जा. हा सल्ला खरं तर वाईट नाही. गाडी छान चालते. फक्त काचेवर वाफ धरली की पुढचं दिसत नाही, एवढंच.

मग मी मेकॅनिककडे गेलो. त्याने दार उघडलं, हुंगलं आणि दार लावलं. तपासणी संपली.

"कोअर गेलाय साहेब. अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागेल."

"कोअर महाग असतो का?"

"छे हो! कोअर काहीच नाही. लेबर आहे."

त्याने लेबरचा आकडा सांगितला. मी तो पुन्हा सांगायला लावला, ऐकू आला नव्हता म्हणून नव्हे. डोंगर पोखरून उंदीर काढणं आपण फजिती समजतो. इथे तर उंदीरच हवा असतो आणि बिल डोंगराचं येतं. काही गाड्यांत पायाशी असलेलं एक झाकण काढलं की कोअर सरळ बाहेर सरकतो, तासाभराचं काम. काहींत अख्खा दिवस जातो. माझी गाडी कुठल्या जातीची असणार हे मी गाडीच्या स्वभावावरून आधीच ओळखलं होतं.

"मी स्वतः केलं तर?" मी विचारलं.

तो हसला नाही. या गोष्टीसाठी मी त्याचा कायम ऋणी राहीन. तो फक्त म्हणाला, "करा की. पण आधी इथे या, गॅस काढून देतो."

ही खरी मेख. अनेक गाड्यांत हीटरचा कोअर आणि एसीचा इव्हॅपोरेटर, म्हणजे हवा गार करणारा भाग, एकाच डब्यात नांदतात. माझ्या गाडीत डबा बाहेर काढायचा तर एसीचे पाइप सोडवायला लागतात, आणि त्यातला गॅस हवेत सोडून चालत नाही. मशीनने ओढून घ्यावा लागतो, काम झालं की व्हॅक्यूम करून पुन्हा भरावा लागतो. म्हणजे स्वतः करायचं ठरवलं तरी आरंभ आणि शेवट मेकॅनिकच्याच दारात. मधला घाम तेवढा आपला.

तरी मी घरीच खोलायला घेतलं. पैशांसाठी, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे तो डॅशबोर्ड इतकी वर्षं माझ्याकडे रोखून बघत होता आणि मला त्याच्या मागे काय आहे ते बघायचं होतं.

आधी बॅटरी सोडवायची आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेली मिनिटं गप्प बसायचं, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत वीज थोडा वेळ साठलेली राहते आणि डॅशबोर्डऐवजी ती बॅगच आधी बाहेर यायची. पिवळ्या वेष्टनातल्या वायरी दिसल्या की आवाजसुद्धा खाली आणायचा. मग स्टिअरिंग, मीटर, म्युझिक सिस्टीम, मधला कन्सोल. प्रत्येक स्क्रू वेगळ्या लांबीचा. मी पुठ्ठ्यावर डॅशबोर्डचं चित्र काढून निघालेला स्क्रू त्या-त्या जागी खोचत गेलो. मुलाने ते चित्र पाहून "हत्ती छान आलाय" असं सांगितलं.

सगळे स्क्रू निघूनही डॅशबोर्ड हलत नाही. कुठेतरी एक नट उरलेला असतो. तो दिसत नाही, तो फक्त हाताला लागतो, आणि हात तिथे पोहोचायला कोपराला आणखी एक सांधा हवा. मी सीटच्या रिकाम्या जागेत उताणा पडून, पाय मागच्या दारातून बाहेर काढून त्याला शोधत होतो. रस्त्यावरून जाणाऱ्यांनी थांबून चौकशी केली. एकाने पाण्याची बाटली ठेवली. त्या नटावर गोटी पाना बसला आणि तो 'कट्' करून सुटला, तेव्हा आत जे वाटलं ते कुठल्याही लेबरच्या दरात मिळत नाही, असं माझं मत आहे. बायकोचं नाही.

इंजिनाच्या बाजूला होज कोअरच्या नळ्यांना चिकटून बसलेले असतात. ते ओढायचे-पिळायचे नाहीत. अॅल्युमिनियमची नळी मुरगळते. होज उभा चिरून सोलून काढायचा आणि नवा घालायचा. रबर स्वस्त आहे. कूलंटही नवंच भरायचं, कारण जुन्यातली गंज रोखणारी रसायनं संपलेली असतात आणि कोअर बहुतेक वेळा त्यामुळेच आतून खाल्ला जातो. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर. हे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. माझी सहनशक्ती त्याच्या बरीच आधी गोठते.

सगळं परत बसवून हीटर लावला तर गार हवा. मी घाबरलो नाही, फक्त जमिनीवर बसलो. कोअरमध्ये हवा अडकलेली असते. गाडीचं नाक उंचावर ठेवून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू ठेवावं लागतं. इंजिन तापून थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट मोकळी करणारी झडप, उघडला की बुडबुडे निघत जातात आणि कूलंटची पातळी खाली येते. मात्र इंजिन गरम असताना रेडिएटरचं बंद झाकण उघडायचं नाही. आत दाब असतो आणि तो तोंडावर येतो. बुडबुडे संपले आणि पायांना ऊब लागली. गॅस भरायला गेलो तेव्हा मेकॅनिकने डॅशबोर्ड दोन्ही हातांनी हलवून पाहिला, हलला नाही, तेव्हा म्हणाला, "आवाज करेल थोडा." थोडा करतो.

रात्री बायको वही घेऊन बसली. वाचलेलं लेबर एका बाजूला. नवे पाने, टॉर्च, पाठीला लावायचं मलम आणि गॅसचे पैसे दुसऱ्या बाजूला.

"आणि तुमचे तास? तासाचा दर किती धरू?"

"माझा कसला दर? शून्य धर," मी उदारपणे म्हणालो.

वहीत नफा दिसला. तिने ती मिटली आणि भावाला फोन लावला. त्याच्या गाडीत म्हणे कधीपासून गोडसर वास येतोय.

"अरे, गॅरेजला कशाला नेतोस? हे आहेत ना. शून्य दर आहे त्यांचा. रविवारी घेऊन ये."