सीएससी चालत नाही

“सीएससी चालत नाहीये!” परवा सासुरवाडीच्या पडवीत बसून हे वाक्य मी जरा मोठ्याने बोललो, एवढाच माझा गुन्हा.

माझा सीएससी म्हणजे कंपायलर, लिहिलेला प्रोग्राम संगणकाला चालवता येईल असा करून देणारा. स्कीम ही एक प्रोग्रामिंगची भाषा, तिचा एक अवतार म्हणजे चिकन, आणि हा त्या चिकनचा कंपायलर. काळ्या खिडकीत ‘सीएससी’ लिहायचं, पुढे फाईलचं नाव, आणि एंटर. प्रोग्राम आधी सी भाषेत उतरतो, मग त्याची चालवता येईल अशी फाईल तयार होते. मामांसाठी (आमच्यात सासऱ्यांना मामाच म्हणतात) दुधाचा हिशोब लिहीत होतो. लिटर, फॅट, दर आणि दहा दिवसांचं बिल. मामा मागून वाकून बघायचे आणि विचारायचे, “एवढे कंस कशाला?” लिस्प या कंसांनी भरलेल्या भाषेच्या घराण्यातली भाषा, कंस असणारच. पण कंस आणि मामा एका पडवीत आले की पुढचं काय ते आपल्याला लहानपणापासून माहीत आहे.

आधी अर्धा तास वेगळ्याच भानगडीत गेला. ऑफिसच्या कामासाठी याच लॅपटॉपवर सी-शार्प ही दुसरी भाषा आहे आणि त्याच्याही कंपायलरचं नाव सीएससीच. मी हाक मारायचो एकाला आणि ओ द्यायचा दुसरा. त्या दुसऱ्याला माझ्या प्रोग्रामच्या ओळीओळीत चूक दिसत होती. ते निस्तरलं, तर खरा सीएससी म्हणाला, सर्फी-१ मिळत नाही. ही याद्या हाताळायची सामग्री. चिकनच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत आयती मिळायची, 2018 च्या पाचव्या आवृत्तीपासून वेगळी आणावी लागते. चिकनमध्ये अशा जोडसामानाला ‘अंडं’ म्हणतात. मी नाही ठेवलं हे नाव.

तेव्हा मी ओरडलो. आणि शेजारच्या आबांनी, ज्यांना एरवी ट्रॅक्टरचा हॉर्न ऐकू येत नाही, ते नेमकं ऐकलं.

“काय पाव्हणं, सीएससी बंद हाय?”

“हो आबा. काय झालंय कळत नाही.”

“सर्वर डाऊन आसंल.”

“सर्व्हर वगैरे काही नाही. हे इथंच चालतं, माझ्या लॅपटॉपवर.”

इथे मी फसलो. आबांनी चप्पल काढली.

“हितं? घरात? आन म्या सोमवारपसनं तीन येळा गावात कशापायी हेलपाटं घातलं?”

गावाकडे सीएससी म्हणजे कॉमन सर्व्हिस सेंटर. दाखले, पॅन कार्ड, ई-केवायसी, सगळं तिथं. मी म्हटलं, “आबा, हा तो सीएससी नाही. हे चिकन आहे.”

आबांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “श्रावणात?”

“खायचं नाही हो! स्कीम आहे ती.”

“मंग? म्या बी स्कीमचंच म्हणतोय. दोन हजाराची. पीएम किसान.”

1975 साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात सस्मन आणि स्टील यांनी स्कीम ही भाषा केली तेव्हा तिचं नाव ‘स्कीमर’ ठेवलं होतं. त्यांच्या यंत्रणेत फाईलच्या नावाला सहाच अक्षरं चालत, म्हणून शेवटचं अक्षर गळलं. ते एक अक्षर राहिलं असतं तर माझी दुपार वाचली असती.

“मंग आडलंय कुठं?” आबा.

“एक अंडं मिळत नाहीये,” मी वैतागून म्हणालो. आबांनी मान डोलावली, जणू सरकारी कामात हे लागतंच.

आबा खुर्चीत बसले ते बसले. थोड्या वेळाने त्यांचे चुलतभाऊ आले, मग एक बाई रेशन कार्ड घेऊन आल्या. चिकनचं पोटातलं काम असंच चालतं. संगणकशास्त्रज्ञ हेन्री बेकर यांच्या 1994 च्या लेखातली युक्ती आहे ती. फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, बोलावलं की ते परत जातच नाही, नवं नवं येऊन स्टॅकवर (मेमरीतल्या चालू कामाच्या चळतीवर) बसत राहतं. त्या लेखाच्या नावातच बॉस्टनच्या मेट्रोतून कधी उतरूच न शकलेल्या माणसाच्या गाण्याचा धागा आहे. बोरिवलीला उतरायचं म्हणून विरार फास्टमध्ये शिरलेल्या कुणालाही तो लगेच कळेल. स्टॅक भरला की जिवंत माल तेवढा उचलून हीपवर (मेमरीतल्या मोठ्या कोठारात) नेतात, बाकीच्याला रजा. आमच्या पडवीत हे काम सासूबाईंनी केलं. ज्यांचं खरं काम होतं त्यांना माजघरात घेतलं, बाकीच्यांना चहा न विचारता वाटेला लावलं.

आबांचं काम खरं होतं. वर्षाचे 6,000, तीन हप्त्यांत. त्यातला एक अडकलेला, कारण यंत्रावर अंगठा उमटत नाही. त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटांची टोकं घासून गुळगुळीत, जुन्या विळ्याच्या मुठीसारखी. पैसे शेतकऱ्याला द्यायचे आणि ओळख अशी मागायची की जी शेतात राबून पुसली जाते. हे ज्याने ठरवलं त्याने कधी ऊस तोडला नसावा. मला खरंच राग आला, आणि तो काढायला समोर आबाच होते. “डोळे मिचकवा,” मी त्यांच्यावर खेकसलो. 2023 पासून फोनवर चेहरा दाखवूनही ई-केवायसी होतं. आबांनी एवढ्या जोरात डोळे मिटले की फोन पहिल्यांदा नाहीच म्हणाला. दुसऱ्यांदा झालं. दहा मिनिटांत. माझ्या प्रोग्रामला तेव्हा तीन तास झाले होते.

“बेस करता की,” आबा उठत म्हणाले. “कोतवालाचं पोरगं बी करतंय, पर ते धाव्वी नापास हाय. तुमी तरी जरा शिकल्यालं दिसता.”

चौदा वर्षं नोकरी करतोय मी. मामा शेजारीच उभे होते. त्यांनी एक शब्दही दुरुस्त केला नाही. उलट संध्याकाळी फोनवर कुणाला तरी सांगताना ऐकलं, “जावई? सीएससी चालवत्यात.”

दुसऱ्या दिवशी, श्रावणी सोमवारी, सकाळी मी रेंजसाठी गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून ‘चिकन-इन्स्टॉल सर्फी-१’ लिहीत होतो. खाली आबांचा नातू तांदळात पुरलेली सात गावठी अंडी डब्यातून घेऊन आला. “आज्यानं सांगितलंय, सीएससीला लागत्यात.”

डबा गोठ्यात, वैरणीच्या वर ठेवला गेला. मग सासूबाई जिन्याच्या तोंडाशी आल्या आणि वर न बघताच म्हणाल्या, “जावईबापू, अजून किती लागणार आहेत तेवढं एकदाच सांगून टाका.”