बाग येती घरा

आमचा आर्किटेक्ट तरुण आहे. एरवी मला काका म्हणतो, बिलाच्या दिवशी सर म्हणतो. तळेगावच्या प्लॉटवर घर बांधायचं ठरलं तेव्हा चिरंजीवांनी टोरांटोत बसून त्याला शोधून काढला. पैसे त्यांचे असल्यामुळे पसंतीही त्यांचीच. पहिल्याच बैठकीत आर्किटेक्ट म्हणाला, "काका, आत आणि बाहेर हा भेदच काढून टाकू. बाग घरात आली पाहिजे."

बाग आली. येताना सगळ्या गोतावळ्यासकट आली.

हॉलची पश्चिमेची भिंत काढून तिथे अठरा फुटांची सरकती काच बसली. आतली शहाबादी तशीच पुढे बाहेर गेली, एकाच लेव्हलला. उंबरठा नाही. आईने पहिल्याच दिवशी विचारलं, "लक्ष्मीची पावलं कुठून काढायची?" आर्किटेक्टने हसून सांगितलं, "आजी, कुठूनही काढा. घर आता मोकळं आहे." आई म्हणाली, "उंबरठा नसता तर हिरण्यकश्यपू अजून जिवंत असता." याला उत्तर आर्किटेक्चरच्या अभ्यासक्रमात नसावं. तो मोबाइल बघायला लागला.

छज्जाही नव्हता. छज्जा आला की म्हणे लाइन क्लीन राहत नाही. संदर्भ म्हणून त्याने श्रीलंकेचे आर्किटेक्ट जेफ्री बावा यांनी बांधलेल्या घरांचे फोटो दाखवले होते. काय घरं आहेत! पण त्या फोटोंमध्ये छपरं चांगली लांबवर उतरलेली, खाली ऐसपैस व्हरांडे. आमच्याकडे फोटोंतली बाग आली आणि छप्पर श्रीलंकेतच राहिलं. कोकणात पाऊस लागायच्या आधी पडवीला माडाची झापं बांधतात, कारण झड कुठून येते हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आपला पाऊस पश्चिमेकडून तिरका येतो. जूनमध्ये तो आला, काचेवर आपटला, खाली उतरला, ट्रॅकमध्ये भरला आणि लेव्हल एकच असल्यामुळे संकोच न करता सोफ्याखाली गेला. पाणी जायला बाहेर जाळी होती, तिच्यावर गुलमोहराने आपली बारीक पानं आधीच पसरून ठेवली होती. त्या पानांना खराटा लागत नाही, ती चिमटीने उचलावी लागतात. पाऊस चालू असताना, ओणवं होऊन.

पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी पंखवाले किडे आले. सगळ्या आळीत दिवे होते, पण अठरा फूट रुंद दिवा आमचाच. आईने हुकूम सोडला, घरातले सगळे दिवे बंद केले, एकच ठेवून त्याच्याखाली पाण्याने भरलेली परात मांडली. किडे परातीत पडत होते आणि आम्ही तिघं अंधारात परातीभोवती बसून होतो. सकाळी फरशीवर नुसते पंख. केरसुणी लावावी तर ते उडून पुढे जातात, पंखा लावावा तर मागे येतात. ओल्या फडक्याला मात्र चिकटतात; मग ते फडक्यावरून सोडवत बसायचं. त्याच वेळी टोरांटोहून व्हिडिओ कॉल. "बाबा, जरा काचेकडे धरा ना. वॉव!"

हे दुःख आंतरराष्ट्रीय आहे, हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं. शिकागोच्या डॉक्टर एडिथ फार्न्सवर्थ यांना मीस व्हान डर रोह या थोर आर्किटेक्टने १९५१ साली प्लेनो गावाजवळ, फॉक्स नदीकाठी चारही बाजूंनी काचेचं घर बांधून दिलं. जगभरच्या कॉलेजांत ते शिकवतात. बाई आणि आर्किटेक्ट पैशांवरून कोर्टात गेले, आणि डासांपायी बाईंनी त्या जगप्रसिद्ध व्हरांड्याला जाळ्या ठोकल्या. घर जमिनीपासून पाचेक फूट उंच खांबांवर आहे, तरी १९५४ आणि १९९६ साली नदी आत येऊन गेली. मी हे आर्किटेक्टला मोठ्या आशेने सांगितलं. तो भारावून म्हणाला, "काका, तुम्ही मीस वाचलाय?"

आत-बाहेरच्या सीमेवर त्याने एक वॉटर बॉडी काढली होती. साध्या भाषेत हौद. साचलेल्या पाण्यात डास होतात म्हणून आरोग्य खात्याच्या माणसाने गप्पी मासे सोडायला सांगितले. सोडले. दोन दिवसांनी कठड्यावर खंड्या येऊन बसला आणि त्याने शांतपणे नाश्ता सुरू केला. वसंतात दयाळ आला. काचेत त्याला दुसरा दयाळ दिसला, आणि उजाडल्यापासून तो त्या भाडेकरूला हुसकावत होता. एकदा हॉलमधून धामण गेली. धामण बिनविषारी असते हे मला माहीत होतं. सोफ्यावर उभं राहिल्यानंतर आठवलं.

पण प्राण्यांपेक्षा माणसं भारी. रात्री आत दिवा लागला की काचेत आपल्याला फक्त आपणच दिसतो. बाहेरच्यांना मात्र आपण, आपलं ताट आणि ताटातली भाजीही दिसते. जेवणानंतर शतपावली घालणारी मंडळी आमच्या कुंपणाशी जरा रेंगाळतात. सकाळी दुधाच्या रांगेत एक गृहस्थ म्हणाले, "काल पुन्हा दुधी? वहिनींना सांगा, मुठिया करा त्याचे." शेवटी हिने आढ्यापासून फरशीपर्यंत जाड पडदे लावले. एवढ्या कापडात एखाद्या मंगल कार्यालयाची सोय झाली असती. एप्रिल-मेच्या दुपारी ते ओढून, एसी लावून आम्ही अंधारात बसतो.

काच पुसायला मावशींनी पहिल्या महिन्यात वेगळे पैसे मागितले, दुसऱ्या महिन्यात दयाळाची घाण बघून पैसेही नको म्हणाल्या.

परवा आर्किटेक्ट एका नव्या जोडप्याला घर दाखवायला घेऊन आला. आधी फोन करून त्याने आईच्या वाळत घातलेल्या कुरडया, मच्छरजाळी आणि परात आत ठेवायला लावली. पडदे उघडले. ऊन तिरकं येत होतं, हौदात आभाळ दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर देखणं दिसत होतं. नवरा मान मागे टाकून "अमेझिंग, अमेझिंग" करत होता. बायको काचेजवळ गेली, बोटाने एक डाग खरवडून पाहिला आणि विचारलं, "हे पुसतं कोण?"

आर्किटेक्टने माझ्याकडे पाहिलं, मी हिच्याकडे. तेवढ्यात स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज थांबला.

"मी नाही," मावशी म्हणाल्या.