कोंबडीची बासुंदी

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे सरका.

पावणेआठला घरात पाऊल टाकलं, साडेआठला ताटं वाढली. मधल्या वेळात बिडाच्या खोलगट तव्यात क्रीम घालून चिकन केलं. दिसायला देखणं झालं म्हणून घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. पाच मिनिटांत एका चुलतभावाचा मेसेज, "ही काय कोंबडीची बासुंदी? कोल्हापूरची पोरगी ना तू?" खाली सात जण खो खो हसतायत, कुणी 'मिळमिळीत' म्हणतंय. मग त्याचाच दुसरा, "काकूच्या हातचा रस्सा आठवला. गेले ते दिवस."

काकू म्हणजे माझी आई.

तर त्या दिवसांबद्दल बोलूच. रविवारी सकाळी नऊपासून आई स्वयंपाकघरात. खोबरं भाज, कांदा भाज, तीळ-खसखस भाज, मग पाट्यावर बसून वाट. तांबडा वेगळा, पांढरा वेगळा, सुकं वेगळं, भाकऱ्या तव्यावरून थेट ताटात. पुरुष जेवले, पोरं जेवली, आणि सगळ्यांत शेवटी, तीनच्या सुमाराला, आई. ताटात रस्सा आणि कोंबडीची मान. दर रविवारी मानच. मला कित्येक वर्षं खरंच वाटायचं, तिला मान आवडते.

हाच दादा तेव्हा मागून मागून तंगडी घ्यायचा. त्याला ते दिवस आठवणारच की!

हो, मान्य, क्रीमला वाटणाची सर नाही. झालं समाधान?

आणि 'मिळमिळीत' कशाला म्हणता हो? पांढऱ्या रश्श्यात काय असतं? नारळाचं दूध, काजू, खसखस. तो वाट्यांवर वाट्या ओरपता ना? ढाब्यावर बटर चिकन मागवता, ते तर दिल्लीचं. ते पहिल्यांदा कुणी केलं यावरून २०२४ साली तिथल्या उच्च न्यायालयात दावा गेलाय! तिथे क्रीम चालतं. घरच्या बाईने अर्ध्या तासात केलं की लगेच कोल्हापूरचं नाक कापलं जातं.

तिघींनी इनबॉक्समध्ये कृती विचारली (ग्रुपवर एकीनेही तोंड उघडलं नाही, बरं का). मांडीचे बिनहाडाचे तुकडे, अर्धा किलो. फडक्याने नीट कोरडे करा, नाहीतर पाणी सुटतं आणि शिजतात, परतले जात नाहीत. मीठ, मिरी. तवा चांगला तापला की तेलात ठेवा आणि पाच मिनिटं हात लावू नका. हेच अवघड असतं, हात शिवशिवतो. उलटा, दुसरी बाजू खरपूस झाली की ताटलीत काढा. त्याच तेलात कांदा, आठ-दहा लसूणपाकळ्या ठेचून, चमचाभर कणीक. अर्धी वाटी पाणी घालून तळाचं खरपूस उलथन्याने खरवडा, सगळी चव तिथे आहे. मग गॅस अगदी बारीक करून वाटीभर क्रीम. खळखळून उकळलंत तर फाटेल. तुकडे परत आत, सातेक मिनिटं झाकण. सगळ्यांत जाड तुकडा कापून बघा, आत गुलाबी नको. लिंबू ताटात पिळा, तव्यात नाही.

ताटली धरून दोन भांडी. बरं, उलथनं धरून तीन.

दिवाळीनंतर आई ठाण्याला आली होती, तेव्हा हेच केलं होतं. तिला आधी बसवलं, सगळ्यांत मोठा तुकडा तिला वाढला. तर म्हणते, "एवढा मला कशाला? मला मान टाक."

"आई, पाकिटात मान येतच नाही."

जरा वेळ ताटाकडे बघत राहिली. मग खाल्लं. "बरं लागतंय, पण मिळमिळीत आहे गं," म्हणाली आणि आपल्या डब्यातली कांदालसूण चटणी काढून कालवली. (दादा, हे वाचून फार खूश होऊ नकोस. तिला तो हक्क आहे, तुला नाही.) मग सवयीने पदर खोचून बेसिनपाशी गेली, आणि तिथेच थांबली.

"बाकीची भांडी कुठं ठेवलीस?"

नाहीतच म्हटलं. तिला पटेना. ओट्याखाली वाकून बघून आली.

असो. राग बराच उतरलाय. तवा पुसून तेलाचा हात फिरवायचा राहिलाय, नाहीतर सकाळी गंज.